भरून पावलो

पालघर ते उमरोळी आत्मा आणि उमरोळी ते बोईसर प्रेम, अशी वाटणी मी गेली सहा वर्षं करून घेतली होती. अंतर जेमतेम बारा किलोमीटर, मध्ये स्टेशन एकच. गाडी पालघर सोडून भाताच्या खाचरांना लागली की मी पिशवीतून डायरी काढायचो, देहाची नश्वरता वगैरे उरकून घ्यायचो, आणि उमरोळीला चढणारी माणसं चढली की पान उलटून प्रेमाकडे वळायचो. मनुष्यस्वभाव हा तिसरा विषय बोईसर स्टेशन ते एमआयडीसी या शेअर रिक्षासाठी राखीव होता. पण तिथे लिहायला हात मोकळा नसतो. तीन जणांच्या सीटवर चौथा आपण असलो की मनुष्यस्वभाव नुसता सोसायचा असतो. रविवारी मात्र आठवड्याभराचं सगळं घरी बसून पक्कं करायचं. त्या वेळी माझ्याशी कोणी बोललेलं मला चालत नसे.

हा सगळा उद्योग निवृत्तीच्या तयारीचा. मी तारापूर एमआयडीसीतल्या एका रसायनाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत आहे, चोवीस वर्षं झाली. आलेला माल किती शुद्ध आणि गेलेला किती, ते सांगायचं. दिवसभर दुसऱ्यांची अशुद्धता टक्क्यांत मोजणाऱ्या माणसाला संध्याकाळपर्यंत आपण स्वतः शंभर टक्के असल्यासारखं वाटायला लागतं. व्यवसायातूनच जडणारा आजार आहे, पण ईएसआयच्या यादीत बसत नाही. या भरात मी ठरवून टाकलं होतं की निवृत्तीच्या दिवशी माझं एक पुस्तक निघणार: ‘प्रेम, आत्मा आणि माणूस’. खर्च स्वतःचा, प्रती पाचशे. त्यातल्या चारशे नव्वद लग्नामुंजीत आहेर म्हणून खपतील असा माझा अंदाज होता. बायकोचा अंदाज वेगळा होता. तिने माळ्यावर जागा करायला घेतली होती.

डायरी अॅसिड पुरवणाऱ्या एका पार्टीने दिवाळीला दिलेली. प्रत्येक पानाच्या तळाशी सल्फ्युरिक अॅसिडच्या चौकशीसाठी फोन नंबर छापलेला. त्यामुळे वर ‘प्रेम म्हणजे अपेक्षांचं विसर्जन’ आणि खाली ‘टँकर व कार्बॉयमध्ये उपलब्ध’ असं पान सजायचं. मला त्यात काही खटकलं नाही, यावरून माझी तंद्री लक्षात यावी.

पण डायरीला दोन टोकं असतात. पुढून चिंतन, मागून हिशोब. मागचं टोक मी दुधासाठी उघडलं होतं. मग इस्त्रीवाला आला, मग पेपरवाला, मग ‘येणे’ असा एक मथळा आला आणि त्या मथळ्याने हळूहळू डायरी मागून खायला सुरुवात केली. ‘येणे’खाली माझ्याकडून ज्यांनी ज्यांनी काही नेलं त्यांची नोंद असे. गाडीतल्या ग्रुपची तर सविस्तर.

ग्रुप म्हणजे काय ते इथल्या माणसाला सांगायला नको. १६ एप्रिल २०१३ला विरारच्या पुढे डहाणूपर्यंत लोकल धावली आणि त्यानंतरच्या काही महिन्यांत आमचा ग्रुप जमला. म्हणजे पालघर जिल्ह्यापेक्षा आम्ही वयाने मोठे, जिल्हा १ ऑगस्ट २०१४चा. ग्रुपात कोणाला नाव नसतं. केळवेवाले, सफाळेवाले, पोस्टवाले, अणुशक्तीवाले. शेवटचे तारापूरच्या अणुवीज केंद्रात ठेकेदाराकडे आहेत, पण १९६९ साली ते केंद्र, देशातलं पहिलं, आपणच चालू केलं असल्यासारखे बोलतात. एक मास्तर आहेत चिंचणीच्या शाळेतले. बोईसरला उतरून पुढे एसटीने जातात. मी ‘लॅबवाले’. तर मागच्या पानांवर अशा नोंदी: ‘अणुशक्तीवाले, चहा, १० (दोनदा). केळवेवाले, वडापाव, १५, उद्या देतो म्हणाले. मास्तर, पेन, निळं, टोपणासह नेलं, टोपणाशिवाय परत.’

एक नोंद १४ ऑगस्टची होती. पालघरात त्या दिवशी सगळं गाव पाचबत्तीच्या चौकात हुतात्म्यांना मानवंदना द्यायला उभं राहतं. १९४२ साली ह्याच दिवशी पाच जणांनी गोळ्या झेलल्या. मी दर वर्षी जातो, डोळे भरून येतात, आणि त्या रात्री पुढच्या पानावर आत्म्याच्या तेजाविषयी दीड पान लिहिलेलं होतं, चांगलं होतं. मागच्या पानावर त्याच तारखेला एक ओळ होती: ‘शेजारी, फुलांना सुटे नव्हते, ५.’

आणि सर्वांत वर, मागच्या डायरीवरून पुढे आणलेली, लाल शाईने चौकट केलेली नोंद: ‘साडू. छत्री, काळी, लाकडी मुठीची. जुलै २०१६. परत नाही.’ खाली दर पावसाळ्याची आवर्तनं. ‘२०१७, नाही. २०१८, नाही. २०१९, त्यांच्या डहाणूच्या घरी खुंटीला पाहिली. बोललो नाही.’ ह्या ‘बोललो नाही’चा मला इतका अभिमान वाटला होता की त्यावरून पुढच्या पानांवर ‘मौन : आत्म्याची भाषा’ हे अख्खं प्रकरण निघालं.

तर ही डायरी मी मेमधल्या एका सोमवारी हरवली.

झालं असं, की पुलावरून उतरताना गाडी हलायच्या बेतात होती आणि समोर आला तो लगेजचा डबा. चढलो. आत सातपाटीच्या बायका पाट्या मांडून बसल्या होत्या. बोंबील, मांदेली, आणि एका कोपऱ्यात बर्फाखाली पापलेटं. २०२३ साली पापलेटाला राज्यमासा जाहीर केलं, तेव्हापासून मी त्याच्याकडे जरा आदराने पाहतो. भाव तर त्याच्या आधीपासूनच आदराने ऐकतो.

“ए दादा, पाटीवर पाय नको.”

“पाटी वाटेत ठेवलीय तुम्ही.”

“वाट कुठली? डबा आमचा हाय. तूच वाटेत हायेस.”

मी तत्त्वचिंतक असल्यामुळे उत्तर दिलं नाही. म्हणजे दिलं, पण ते गाडीच्या आवाजात गेलं. मग एका थर्माकोलच्या खोक्यावर टेकून लिहायला लागलो. उमरोळी गेल्यामुळे विषय प्रेमाचा होता. ‘धरून ठेवणं हा मोह. सोडून देणं हेच प्रेम,’ असं वाक्य जमलं. इतकं जमलं की मी ते दोनदा वाचलं. तेवढ्यात खोक्याच्या फटीतून पाणी माझ्या पॅंटीवर ओघळलं. देह नश्वर असला तरी पॅंट नवी होती. मी ताडकन उठलो, रुमालाने पुसायला लागलो, त्या बाईला चार शब्द सुनावले, तिने मला आठ सुनावले, बोईसर आलं, आणि मी पॅंट पुसत पुसतच उतरलो. सोडून देणं हेच प्रेम असं लिहिलेली डायरी तिथेच सोडून.

लक्षात कधी आलं? लेखकाला लक्षात येतं ते एखादा विचार सुचतो तेव्हा. मला अकरा वाजता आलं. चहावाल्याने दहाच्या नोटेतले दोन रुपये उद्यावर ठेवले आणि ते टिपायला माझा हात पिशवीत गेला.

त्या दिवशी मी एक टायट्रेशन तीनदा बिघडवलं. फिनॉल्फ्थॅलिन घालून केलेल्या टायट्रेशनमध्ये शेवटी एक थेंब असा येतो, की त्याआधी सगळं पाण्यासारखं निवळ आणि त्यानंतर गुलाबी. हात सैल पडला की फिकट गुलाबीच्या ऐवजी भडक जांभळं होतं आणि पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं. मनुष्यस्वभावावर मी जे लिहिलंय त्यात हा दृष्टान्त आहे: माणूस निवळ दिसतो तो शेवटचा थेंब पडेपर्यंत. तेव्हा मला दुसऱ्या माणसांबद्दल म्हणायचं होतं.

पुढची पानं गेली याचं दुःख होतंच. पण रात्री झोप उडाली ती मागच्या पानांमुळे. पुढचं कोणी वाचलं तर फार तर मला थोर म्हणेल. मागचं वाचलं तर काय म्हणेल? डायरीच्या पहिल्या पानावर नाव, कारखाना, रक्तगट सगळं भरलेलं होतं. फोन नंबर तेवढा जुना, बंद पडलेला. म्हणजे सापडणाऱ्याला मी कोण, किती क्षुद्र आणि मला कुठलं रक्त चालेल एवढं कळणार होतं. फक्त मला कळवता येणार नव्हतं.

“एवढं काय होतं त्यात?” बायकोने विचारलं.

“प्रेमावरचं सगळं होतं गं. सहा वर्षांचं.”

“माझ्याबद्दल काय लिहिलंय?”

मी आठवू लागलो. साडेतीनशे पानांत ती कुठेतरी असणारच. आठवली ती एकच नोंद, तीही मागच्या टोकाला, इस्त्री आणि गॅस सिलिंडर यांच्या मध्ये: ‘ही. अबोला, तीन दिवस. कारण नोंदवायचं राहिलं.’

“आहे,” मी म्हणालो. “पुष्कळ आहे.”

“मग प्रेमावरचं कोणाबद्दल आहे?”

ह्या प्रश्नाला तयारी नव्हती. प्रेम हे कोणाबद्दल नसतं, ते एक तत्त्व असतं, असं मी सांगायला घेतलं, तोवर ती कुकर बंद करायला गेली होती.

मंगळवार गेला, बुधवार गेला. एका मावसभावाला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, “अरे, साने गुरुजींच्या गावात राहतोस, प्रेमावरची वही कोणीतरी आणून देईलच.” गेली वीस वर्षं मी त्याला सांगतोय की गुरुजींचं गाव पालगड, ते रत्नागिरी जिल्ह्यात, आणि माझं पालघर. तो दर वेळी “तेच ते” म्हणतो. आजपर्यंत मी त्यावर वाद घालायचो. त्या दिवशी वाटलं, असतंच पालगड तर बरं झालं असतं.

गुरुवारी सकाळी मी आमच्या नेहमीच्या डब्यात चढलो आणि ग्रुप एकदम गप्प झाला. ग्रुप गप्प होतो तो दोनच वेळा: टीसी आला की, किंवा ज्याच्याबद्दल चाललं होतं तो आला की. टीसी नव्हता.

“या, आत्मावाले,” अणुशक्तीवाले म्हणाले.

चोवीस वर्षांची लॅब एका शब्दात गेली. झालं होतं ते असं, की डायरी त्याच पाटीवाल्या बाईला सापडली. तिने बुधवारी संध्याकाळी बोईसरच्या फलाटावर “ही कोणाची रे?” म्हणून विचारायला सुरुवात केली आणि विचारता विचारता आमच्या केळवेवाल्यांना गाठलं. त्यांनी ओळखली, “द्या, मी देतो त्यांना,” म्हणाले. बाई म्हणाली, ज्याची त्यालाच देईन, तू वाटेत वाचशील. मग तिच्यासमोरच वाचली. गाडी येईपर्यंत सगळ्यांनी वाचली. मागच्या पानांचे मोबाइलवर फोटो काढले.

पुढे जे झालं ते मी कोणाच्या वाट्याला येऊ नये म्हणेन. केळवेवाल्यांनी खिशातून पंधरा रुपये काढले, सगळी चिल्लर, आणि माझ्या तळहातावर एकेक नाणं मोजून ठेवलं. “उद्या देतो म्हणालो होतो. उद्या आज आला.” मग अणुशक्तीवाल्यांनी वीस. मग पोस्टवाल्यांनी, ज्यांच्या नावावर नुसतं ‘डिंक?’ असं प्रश्नचिन्हासह होतं, डिंकाची नवी कोरी बाटली. मास्तरांनी पेनाचं टोपण. ते त्यांनी कुठून पैदा केलं देव जाणे, माझं पेन निळं होतं आणि टोपण हिरवं. मी नको नको म्हणत होतो आणि हात, तो माझाच हात, पुढे झालेला होता.

“आता लिहून द्या,” केळवेवाले म्हणाले.

“काय?”

“भरून पावलो.”

दिलं. प्रत्येकाला वेगवेगळं, तारखेसह. उमरोळी कधी गेलं कळलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्या टप्प्यात मी प्रेमावर काही लिहिलं नाही.

“आणि छत्री?” सफाळेवाल्यांनी विचारलं. “ती मिळाली का?”

अणुशक्तीवाल्यांनी हात वर केला. “हे बघा, आयोडीन एकशे एकतीसचं अर्धायुष्य आठ दिवस. आठ दिवसांत निम्मं उरतं, पुढच्या आठांत त्याच्या निम्मं. सिझियम एकशे सदतीस, तीस वर्षं. लॅबवाल्यांची छत्री सिझियममध्ये येते.” सगळे हसले. मीही हसलो, म्हणजे दात दाखवले.

मास्तरांना माझी दया आली असावी. म्हणाले, “अहो, हिशोबाला हसू नका. आमच्या चिंचणीला ताम्रपट सापडलेत, शके ८४८चा आहे त्यात, म्हणजे सन ९२६. राष्ट्रकूट राजा इंद्र तिसरा याच्या वेळचा. संजाणचा कारभार त्याच्या आधीच्या कृष्ण दुसऱ्याने एका अरबाकडे दिलेला. महंमद नाव असणार, ताम्रपटात त्याचं मधुमती केलंय. ह्या मुसलमान अधिकाऱ्याच्या अमदानीत देवीच्या मठाला जमीन दिली. नैवेद्याला, मठाच्या डागडुजीला, माणसांच्या जेवणाला. त्याच्या कारभारात नदीवर फुकट तर होती, अन्नछत्र होतं, भात, कालवण, तूप. त्याचं कोणावर प्रेम होतं की नाही ते कुठे कोरलेलं नाही. जमीन कुठली आणि कशासाठी, ते कोरलंय. अकराशे वर्षं टिकलं ते काय? हिशोब.”

मी कृतज्ञतेने त्यांच्याकडे पाहिलं.

“फरक एवढाच,” मास्तर म्हणाले, “त्यात ‘देणे’ आहे.”

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, ती बाई पालघरच्या फलाटावर भेटली. पाटी खाली ठेवलेली, डायरी प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी कमरेला. मी ओळखू येईन की नाही अशी मला शंका होती.

“तूच ना रं तो, पाटीवर पाय देणारा?”

“हो, मावशी.”

“सोमवारी मावशी नव्हतास म्हणत.” तिने पिशवी सोडली. “वाचली मी. सातवी शिकलेय. पुढचं चांगलं लिवलंस, पन झोप येते. मागचं वाचताना नाय आली.” आणि मग आवाज खाली आणून, आजारी माणसाची चौकशी करावी तशी: “ती छत्री गावली का?”

डायरीला बोंबलाचा वास मुरला होता. ‘मौन : आत्म्याची भाषा’वर दोन खवले चिकटले होते, नखाने निघेनात. मी उलटसुलट करून पाहिली, पानं जागच्या जागी होती. फक्त मधल्या कोऱ्या पानांपैकी एकावर माझं नसलेलं अक्षर होतं.

“ते माझं हाय,” ती म्हणाली. “चार दिस जवळ होती, कागद नव्हता, म्हनून लिवलं. तेवढं पान फाडून दे.”

फाडता फाडता मी वाचलं. वाचू नये, पण डायरी माझी होती आणि स्वभावही माझाच. शिसपेन्सिलीने, ठसठशीत. सरळ हिशोब: वाटे किती, भाव काय, कोणाकडे किती बाकी. खानावळवाली, २४०. दवाखान्याच्या मागची, ९०. मग एका ओळीवर आडवी रेघ मारलेली, आकडा खालून दिसत होता, १८०, आणि रेघेच्या पुढे: ‘नवरा पडून हाय. मागायचं नाय.’ त्याच्या खाली आणखी एक रेघ मारलेली ओळ. तिच्यापुढे काहीच लिहिलेलं नव्हतं.

त्यागावर माझी चार पानं होती. उपशीर्षकांसह.

मी पान दिलं. तिने घडी घातली, चोळीत खोचली, पाटी डोक्यावर घेतली. काहीतरी द्यावं म्हणून मी खिशात हात घातला, तर हातात आली केळवेवाल्यांची चिल्लर.

“राहू दे,” ती म्हणाली. “तू लिवून ठेवशील.”

त्या दिवसापासून मला तुकोबा सुचायला लागले. लहान माणसाची फजिती झाली की त्याला मोठ्या माणसाशी आपलं साम्य दिसू लागतं. तुकोबांची गाथा इंद्रायणीत बुडवली आणि तेरा दिवसांनी ती कोरडी वर आली असं सांगतात. माझी चौथ्या दिवशीच आली, ओली आणि वासासकट. पण त्या गोष्टीच्या आधीची एक गोष्ट आहे, ती आपण विसरतो. तुकोबांच्या घरी महाजनकी होती, गावभर येणं होतं. त्यांनी कर्जखतांची वाटणी केली, निम्मी धाकट्या भावाला दिली आणि आपल्या वाटची निम्मी स्वतःच्या हाताने इंद्रायणीत बुडवली. गाथा पुढे बुडवली ती दुसऱ्यांच्या सांगण्यावरून. ती परत आली. खतं काही परत आली नाहीत.

म्हणजे क्रम असा होता. मी सहा वर्षं गाथेपासून सुरुवात केली होती.

रविवारी बायकोला म्हणालो, शिरगावला समुद्रावर जाऊ. तिने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. मागची सगळी पानं मी घरीच फाडून घेतली होती, एकोणतीस भरली, आणि शर्टाच्या आत ठेवली होती. शिरगाव पालघरहून जवळ. किल्ल्याच्या अलीकडे रिक्षा सोडली. सुरूच्या झाडांखाली ती ताडगोळे घेऊन बसली आणि मी “जरा पाय भिजवून येतो” म्हणून पुढे गेलो.

विधीला शोभेल असं काहीतरी मनात म्हणावं म्हटलं तर सल्फ्युरिक अॅसिडचा फोन नंबरच आठवत होता. एकेक पान वाचून सोडायचं ठरवलं. ‘शेजारी, फुलं, ५.’ गेलं. ‘चहा, १०.’ गेलं. हलकं वाटू लागलं, खरंच वाटू लागलं. मग छत्रीचं पान आलं. ते मी शेवटी ठेवलं होतं, लाल चौकटीचं. दोन क्षण हातात राहिलं. मग दिलं सोडून.

आता, समुद्राकाठच्या जिल्ह्यात जन्म काढलेल्या माणसाने सोडण्याआधी एक गोष्ट बघायची असते. भरती आहे की ओहोटी. आणि चोवीस वर्षं प्रयोगशाळेत काढलेल्या माणसाला आणखी एक माहीत असायला हवं, की बॉलपेनची शाई तेलातली असते, पाण्याने जात नाही. मी मागे वळून दहा पावलं आलो असेन, तर एक ओलं पान माझ्या घोट्याला लपेटलं. चहा, १०. मागून पेपरवाला आला. मग शेजारी. भरतीच्या एकेका लाटेबरोबर माझं सगळं येणं वसूल होत होतं. मी वाकून वाकून गोळा करतोय आणि एक पोरगा आईला विचारतोय, “ते काका काय शोधतायत?”

“किनाऱ्यावर कचरा करता?” बायको येऊन उभी राहिली होती. “शोभतं का?” आणि तिच्या पायाशी आलेलं एक पान तिने उचललं. लाल चौकट आणखीनच उठून दिसत होती.

तिने ते पूर्ण वाचलं, २०१७, २०१८, २०१९सकट. पाणी निथळवलं.

“काळी? लाकडी मुठीची?”

“तीच.”

“अहो, ती भाऊजींचीच होती. आदल्या वर्षीच्या गणपतीत आपण डहाणूहून निघालो आणि धो धो लागला, तेव्हा त्यांनी तुमच्या हातात दिली नव्हती का? वर्षभर बिचारे मागायला लाजले. शेवटी ताई आली आणि घेऊन गेली.”

लाट येऊन गेली. हातातल्या अठ्ठावीस पानांचं पाणी माझ्या पॅंटीवर ओघळत होतं. नवीच पॅंट, तीच.

“हे तू मला कधी सांगितलं नाहीस.”

“सांगितलं होतं,” ती म्हणाली. “त्यावरूनच तर तीन दिवस बोलत नव्हते. तुम्ही प्रेमावर लिहीत होतात.”